पुढचा धनी

आमच्या ओट्याखाली एक जर्मनचं पातेलं असतं. काठाला चेपलेलं, बुडाशी काळवंडलेलं, स्वयंपाकातून केव्हाच बाद झालेलं. तांदळाचं धुवण त्यात, डाळीचं त्यात, मेथीच्या जुडीचं पहिलं मातकट पाणीही त्यातच. दुपारपर्यंत ते भरतं आणि परसातल्या अळूला जातं. एखादी पाहुणी भाजी धुवायला सरळ नळाखाली धरते, तेव्हा घरातलं कोणीतरी काही न बोलता ते पातेलं तिच्या हाताखाली सरकवतं. तिला कळतं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच ते ओढून घेते.

सिन्नरच्या जुन्या घरांत असं एखादं पातेलं, नाहीतर घमेलं असायचंच. इगतपुरी आणि सिन्नर हे शेजारी तालुके. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ढग डोंगर ओलांडून आमच्याकडे पोचेपर्यंत रिते झालेले असतात. त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर आम्हाला वर्ष काढायचं असतं. पूर्वेला, वावी-पाथऱ्याकडे, तर उन्हाळा म्हटलं की टँकर आणि टँकरभोवती हंडे. त्यामुळे एका हंड्यातलं पाणी कोणत्या वाटेनं जाईल हे ठरलेलं असे. आधी प्यायचं, मग स्वयंपाकाचं. अंघोळ घमेल्यात बसून, म्हणजे खाली साठलेल्या पाण्यात कपडे बुचकळता येत. त्या पाण्यात शेवटी पायपुसणं निघे आणि ते अंगणात शिंपडलं जाई. धूळ बसायची. पाणी मातीत जिरलं की ते सुटलं, असं माझी आजी म्हणे. मधल्या कोणत्याही टप्प्याला ते सोडून देणं म्हणजे पुढच्याचा हक्क मारणं.

पुढच्याचा हक्क ही गोष्ट गावाला नदीनंही शिकवली होती. देवनदी कोनांब्याच्या बाजूच्या डोंगरांत उगवते, सिन्नरच्या कडेनं जाते आणि पुढे गोदावरीला मिळते. तिच्यावर इंग्रजी अमदानीपासूनचे छोटे छोटे दगडी बंधारे आहेत. ते पाणी साठवायला बांधलेले नाहीत. नदीची पातळी थोडी उचलायची, पाणी बाजूच्या पाटात वळवायचं आणि उतारानं शेतापर्यंत न्यायचं, एवढंच त्यांचं काम. इंजिन नाही, वीज नाही. शेताला पुरून उरलेलं पाणी पुन्हा नदीत आणि तिथून खालच्या बंधाऱ्यावर. वरच्या गावाचं सांडलेलं पाणी खालच्या गावाचं भरणं. मध्यंतरी विहिरी वाढल्या, मोटारी आल्या, पाटांत गाळ भरला, झुडपं माजली, आणि शेवटच्या शेताला पाणी पोचेनासं झालं. नंतर लोणारवाडीच्या युवा मित्र संस्थेनं शेतकऱ्यांना जोडीला घेऊन हे बंधारे दुरुस्त केले, पाट मोकळे केले, पाणीवापर संस्था उभ्या केल्या. त्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांनी नवं काही बांधायची घाई केली नाही. होतं ते साफ केलं. शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळालं की मधल्या सगळ्यांना ते मिळालेलंच असतं, हे पाटाचं गणित मला घरातल्या हंड्याच्या गणिताहून वेगळं वाटत नाही.

माझी आत्या बिड्या वळायची. माळेगावची औद्योगिक वसाहत उभी राहायच्या आधी हे गाव बिडीचंच होतं. गल्लीगल्लीत ओट्यावर बायका सुपं घेऊन बसलेल्या. आत्या रात्री पानांचं पुडकं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवी. सकाळी पान मांडीवर उलगडून त्यावर पत्र्याचं माप ठेवी आणि जाड शीर चुकवत कात्री फिरवी. मापाबाहेरचं पान तिच्या गुडघ्यापाशी पडत राही. तांबूस-हिरव्या चंद्रकोरी, टोकं, शिरा. दिवस कलता कलता त्यांचा ढीग होई. आम्ही मुलं त्यात हात घालून बसायचो. ओलसर, गार, तंबाखूच्या वासाचा ढीग. ती तो सावलीत वाळवून पोत्यात भरे आणि सकाळच्या चहाला चूल पेटवायला वापरे. काड्या-गोवऱ्यांच्या आधी ती कातरण एका फुंकरीत धडाडून पेटे. राख भांडी घासायला. राखेनं घासलेलं पितळेचं भांडं पुन्हा जमिनीवर विसळलं जाई, त्या ओलाव्यावर कारल्याचा वेल. जंगलात कुठेतरी खुडलेलं एक पान आत्याच्या हातून असं चार ठिकाणी उपयोगी पडे. तिनं आम्हाला यावर कधी काही ऐकवलं नाही. ऐकवण्यासारखं त्यात काही आहे हेच तिच्या मनात नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र ती बोलायची, आणि तावातावानं. वळलेल्या बिड्या मोजून घेताना सैल, वाकड्या, कमी भरलेल्या बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जात. त्यांची मजुरी मिळत नसे आणि त्या बिड्या परतही मिळत नसत. आत्या म्हणे, “वाया गेली म्हणता ना, मग द्या माझी मला परत. ठेवून का घेता?” तिच्या त्या प्रश्नाची धार मला फार उशिरा कळली. एखादी वस्तू टाकाऊ आहे असं म्हणणारा माणूस पुष्कळदा ती वस्तू टाकतच नसतो. तो दुसऱ्याचे श्रम तेवढे टाकत असतो. तेव्हापासून कोणी कशाला कचरा म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, हे ठरवलं कोणी?

त्याच माळेगावच्या वसाहतीत आता ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. नौदलातून निवृत्त झालेल्या के. सी. पांडे यांनी ते उभारलं. काळोख्या दालनात दिव्याखाली ठेवलेले स्टिल्बाइटचे फिकट गुलाबी पंखे, अपोफिलाइटचे हिरवट मनोरे पाहताना माणूस बोलायचं विसरतो. ही खनिजं आपल्याच काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेली. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे क्षार मिसळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक वाढत गेले. दख्खनभर विहिरी खोदताना, खाणीत सुरुंग लावताना असले दगड निघत आले आहेत. विहिरीच्या काठावर मुरमाच्या ढिगात ते पडून असत. पोरं खेळायला नेत, उरलेले बांधाच्या भरावात जात. ज्याला ते काय आहे हे ठाऊक होतं असा माणूस त्या ढिगाशी थांबला, एवढाच फरक. त्या संग्रहालयातून बाहेर पडले की रस्त्याकडेच्या राडारोड्याकडे मी जरा थबकून पाहते.

उकिरड्यालाही एकेकाळी मान होता. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. आमच्याकडच्या उकिरड्याची तर दर वर्षी फिटायची. शेण, गोठ्यातला पालापाचोळा, चुलीची राख, भाजीची देठं, खरकटं, श्रावणातल्या पूजेची पत्री आणि लग्नातल्या पळसाच्या पत्रावळी, सगळं त्या खड्ड्यात जाई. वैशाखात बैलगाडी येई, खड्डा मोकळा होई आणि मृगाच्या आधी ते खत शेतात पसरलेलं असे. वर्षभर घरानं जे टाकलं ते शेतानं उचललं, शेतानं जे दिलं ते घरानं खाल्लं. गावाच्या कडेच्या एखाद्या शेतात आज नांगरट चालू असताना उभे राहा. ढेकळांतून रंगीत तुकडे वर येतात. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, पातळ पिशव्यांच्या चिंध्या. घरांतला कचरा अजूनही शेतात जातो आहे, फक्त तो घेण्याजोगा राहिलेला नाही. शेतकऱ्यानं तो हातानं वेचावा तरी किती?

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. त्याआधी २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यायला सांगितलं. नियम चांगलेच आहेत. शेजारच्या नाशकानं तर नव्वदच्या दशकातच घंटागाडी दारात आणून उभी केली आणि ती पद्धत पुढे राज्यभर पसरली. पण मला घंटागाडीचं कौतुक आणि काळजी दोन्ही वाटतात. घंटागाडी आली आणि गल्लीच्या तोंडाशी साठणारे ढीग गेले, रोगराईची भीती कमी झाली, हे खरं. त्याबरोबर कचरा कुठे जातो हे घराला दिसेनासं झालं, हेही खरं. उकिरडा डोळ्यांसमोर होता. त्यात काय कुजत नाही हे दर उन्हाळ्यात दिसायचं. गाडीत टाकलेली पिशवी वळणावरून दिसेनाशी झाली की आपल्या मनातूनही जाते.

म्हणून मी हल्ली घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारते. तुझ्यापुढे कोण? वर्तमानपत्रापुढे रद्दीवाला आहे, त्याच्यापुढे पुड्या बांधणारा दुकानदार, नाहीतर कागदाची गिरणी. बाटलीपुढे भंगारवाला आहे. दुधाच्या पिशवीपुढेही तो आहे; ती जाड असते, धुऊन सुकवली की वजनावर घेतो. पण ती पिशवी आपण कशी कापतो ते पाहा. कोपरा कात्रीनं तोडतो आणि तो नखाएवढा त्रिकोण मोरीत किंवा केरात जातो. पिशवीला धनी आहे, त्या त्रिकोणाला कोणीच नाही. एवढासा तुकडा कोण वेचणार? कोपरा पूर्ण न तोडता अर्धवट चीर दिली, तर तो पिशवीलाच चिकटून राहतो आणि तिच्याबरोबर पुढे जातो. मी ही चीर द्यायला लागले, तेव्हा माझ्या जाऊबाईंनी काही न विचारता तशीच द्यायला सुरुवात केली. वेफरच्या चकचकीत पाकिटांपाशी मात्र मी अडते. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवणं भंगारवाल्याला परवडत नाही. त्यांच्यापुढे कोणी नाही. अशी वस्तू घरात आणायची का, हा विचार दुकानातच करावा लागतो. घरी आल्यावर फार उशीर झालेला असतो.

या साऱ्यात अवघड काय असेल तर ते दुसऱ्याला सांगणं. पाणी वाचवा, अन्न टाकू नका, कचरा वेगळा करा, हे भिंतींवर लिहिलेलं असतं आणि भिंती ते वर्षानुवर्षं सांगत उभ्या असतात. शेजारणीला हेच तोंडावर सांगायचं म्हणजे तिच्या संसारात बोट घालणं. कोणाला आवडेल?

गावातल्या वावी वेशीकडे शेळ्या राखणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांनी हा प्रश्न कधी सोडवायला घेतला नव्हता, पण तो सुटला त्यांच्याच हातून. थंडीत वाटाण्याचा हंगाम सुरू झाला की घरोघरी पाट्या घेऊन बायका वाटाणा सोलायला बसतात. मावशी एकेका दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “बाई, वाटाण्याची टरफलं टाकू नका बरं. मला ठेवा. अन पिशवीत बांधून नका देऊ, माझी शेळी पिशवीसकट खाती.” पोटात प्लास्टिक साठून जनावर कसं फुगतं, खाणं सोडतं आणि तडफडतं, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. कोणाला दोष दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या घरांत एक वेगळं टोपलं आलं. आधी नुसती टरफलं. मग कोबीची वरची पानं, गवारीची देठं, कणसाची पानं. मावशी रोज संध्याकाळी फेरी मारत. ज्या घरांत ओला-सुका वेगळा करा हे सांगून सांगून पालिकेची माणसं थकली, तिथे ते आपोआप वेगळं होऊ लागलं, कारण त्या टोपल्याला आता एक तोंड होतं, भूक होती, यायची वेळ होती. एकदा मावशी आजारी पडल्या तर तिथल्या बायकाच विचारत बसल्या, आजचं टोपलं कोणाकडे पाठवायचं?

मला वाटतं, सांगण्यापेक्षा मागणं मोठं आहे. मागणारा समोरच्याला वाया घालवणारा ठरवत नाही, देणारा ठरवतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांची ती संघटना. त्या बायकांचंही मागणं मुळात हेच होतं: आम्हाला सुका कचरा वेगळा द्या, आमचे हात त्यात जातात. वापरलेले पॅड कागदात नीट गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून पाहावं लागणार नाही. एका बाईनं दुसऱ्या बाईकडे केलेली ही मागणी समजायला कुठलंही घोषवाक्य लागत नाही. ठिपका काढणाऱ्या हाताला तो उचलणारा हात दिसू लागतो.

गाडगेबाबांची रीतही अशीच होती. गावात आले की ते आधी खराटा घेऊन झाडायला लागत, कीर्तन रात्री. अंगावर चिंध्या जोडून शिवलेलं वस्त्र, जेवायला मातीचं गाडगं. दिवसभर गावानं पाहिलेलं असे की हा माणूस आपली गटार उपसतो आहे, आणि मग रात्री तो प्रश्न विचारू लागला की गावाकडे टाळायला जागा उरत नसे. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. त्यांच्या नावानं सरकारनं ग्रामस्वच्छतेची मोहीम चालवली, तीही गावांनी मनावर घेतली. पण त्यांचं नाव घेऊन भाषण करणारे पुष्कळ, आधी झाडणारे थोडे.

जेवणाच्या बाबतीत तर आम्ही फार वेगानं मागे गेलो आहोत. पंगत होती तेव्हा वाढणारा समोर उभा असे. “आणखी अर्धी?” म्हणून विचारी, खाणारा पानावर आडवा हात धरी. नको असलेलं पानात पडत नसे, कारण दोन माणसं ते ठरवत होती. आता मंगल कार्यालयात माणूस एकटाच ताटली घेऊन रांगेतून पुढे सरकतो, पुन्हा रांग नको म्हणून सगळं एकदम घेतो आणि अर्धं पिंपात जातं. ज्या तालुक्यात बहात्तरच्या दुष्काळात माणसांनी सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढले, त्याच तालुक्यात जिलबी-पुलावानं भरलेलं ते पिंप पाहताना माझ्या पोटात तुटतं. गेल्या लग्नसराईत आमच्या नात्यातल्या एका लग्नात मुलीच्या आईनं हट्टानं पंगत मांडली. घरचीच पोरं वाढायला उभी केली. वेळ जास्त लागला, पाहुण्यांपैकी काहींनी कुरकुर केली. उठताना पानं बहुतेक स्वच्छ होती आणि शिल्लक अन्न पातेल्यांतच होतं, उष्टं न झालेलं. ते रात्री ऊसतोडीहून परतलेल्या टोळीच्या खोपट्यांवर गेलं. त्या माउलीनं अन्न वाचवण्यावर एक शब्दही काढला नव्हता. पण त्यानंतर त्याच भावकीत आणखी दोन पंगती उठल्या.

शहरांतली छोटी-मोठी यंत्रं त्यांच्या वाटेनं जावोत. पुण्याच्या आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं घरगुती बायोगॅस यंत्र तयार केलं. त्यांचा विचार साधा होता: गॅस करणारे जिवाणू गाईच्या पोटात राहतात, तर त्यांना शेण कशाला द्यायचं, गाय खाते तेच द्यावं. त्या कामाला २००६ मध्ये लंडनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. नाशिकजवळ विल्होळीला महापालिकेचा कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प झाला. ही कामं वाढावीत. मात्र यातल्या प्रत्येक यंत्राला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे न मिसळलेला कचरा. आणि तो वेगळा होतो तो आपल्या ओट्यापाशी, आपल्या हातानं.

तेव्हा या हिवाळ्यात वाटाणा सोलायला बसाल, त्याआधी गल्लीत एक फेरी मारून या. कोणाकडे शेळी आहे, कोणी परसात खताचा खड्डा केला आहे, कोणाची आई अजून गोधड्या शिवते, हे विचारून घ्या. आणि तुमच्याकडे खड्डा असेल, शेळी असेल, सुई-दोरा असेल, तर लाजू नका. शेजारणीच्या दारात जा आणि मागा.